सहा शनिवार आणि तीस वर्षांचे हप्ते

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाने कॅम्पसवर फुटबॉल स्टेडियम बांधायचं म्हटलं की लगेच दोन तट पडतात. एका बाजूला क्रीडा विभाग, माजी विद्यार्थी आणि देणगीदार. दुसऱ्या बाजूला प्राध्यापक, शेजारच्या वसाहती आणि उद्या फी वाढेल या धास्तीतले विद्यार्थी. (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो.) सभांमध्ये वाद रंगतो तो ‘शिक्षण मोठं की खेळ’ यावर. त्यावर तासन्‌तास बोलता येतं, कारण आकडे लागत नाहीत. खरा प्रश्न रुक्ष आहे: घरच्या मैदानावर वर्षाला सहा-सात सामने होणार, बाक भरले नाहीत तर हप्ता कोण भरणार?

फोर्ट कॉलिन्समधल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठाचं प्रकरण यासाठी नीट अभ्यासण्यासारखं आहे. तिथे वाद झाला, नवं स्टेडियम झालं, जुनं पडलं आणि जुन्या जागेचाही निकाल लागला. जुनं ह्यूज स्टेडियम १९६८चं, शहराच्या पश्चिम टोकाला डोंगराच्या पायथ्याशी, कॅम्पसपासून काही मैल लांब. २०१२च्या सुरुवातीला नवे क्रीडा संचालक जॅक ग्रॅहम यांनी कॅम्पसवर स्टेडियम बांधायची कल्पना मांडली. ‘ह्यूज वाचवा’ म्हणणारा नागरिकांचा गट लगोलग उभा राहिला. विद्यापीठाचे अध्यक्ष टोनी फ्रँक यांनी अट घातली की साधारण निम्मा खर्च दोन वर्षांत खासगी देणग्यांतून जमला पाहिजे. शिवाय शिक्षणशुल्क, विद्यार्थ्यांची फी आणि कराचा पैसा याला हात लावायचा नाही.

२०१४मध्ये मुदत संपली, रक्कम काही जमली नाही. त्याआधी ऑगस्टमध्येच ग्रॅहम यांना पदावरून काढलं होतं. प्रकरण इथेच मिटलं असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच डिसेंबरमध्ये नियामक मंडळाने २२ कोटी डॉलरच्या आराखड्याला मंजुरी दिली, आणि पैसा उभा करायचा ठरला रोख्यांतून. ‘निम्मा पैसा आधी’ ही अट कुणी जाहीरपणे मोडली नाही, ती नुसती मागे पडली. अट पुरी झाली नाही तर प्रस्ताव आपोआप रद्द होईल, असं ठरावातच लिहून घेतलेलं नसेल तर अशा अटीला फारसा अर्थ नसतो. विरोधकांनी तोंडी आश्वासनांवर टाळ्या वाजवण्याऐवजी ठरावाचा मसुदा मागून घ्यावा.

२०१५मध्ये रोखे निघाले ते सुमारे २३.९ कोटी डॉलरचे. खर्चापेक्षा कर्ज मोठं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अशा कर्जांत तसंच होतं. बांधकाम चालू असताना उत्पन्न शून्य आणि व्याजाचं मीटर चालू. ते व्याज आणि रोखे काढण्याचा खर्च कर्जातच धरला जातो.

आता हप्त्याचं गणित. कोलोराडोचे नेमके हप्ते बाजूला ठेवू आणि सोपं उदाहरण घेऊ: २२ कोटी डॉलर, साडेचार टक्के व्याज, ३० वर्षं मुदत. वर्षाचा हप्ता येतो साधारण १.३५ कोटी डॉलर. सहा सामने धरले तर प्रत्येक सामन्यामागे साडेबावीस लाख. नव्या स्टेडियममध्ये सुमारे ३६,५०० बाक आहेत. सगळे भरले आणि सगळ्यांनी पैसे मोजले तर एका बाकामागे ६२ डॉलर नुसत्या हप्त्याचे. पण विद्यार्थ्यांची तिकिटं बहुतेक ठिकाणी फुकट किंवा फीमध्येच धरलेली असतात. पैसे देणारे २६,००० धरले तर आकडा ८६च्या पुढे जातो. यात प्रशिक्षकांचे पगार नाहीत, वीज नाही, बंदोबस्त नाही, पाहुण्या संघाला द्यायची रक्कम नाही.

‘सरासरी उपस्थिती’ हा आकडा कोणी तोंडावर फेकला तर विचारायचं, वाटलेली तिकिटं की दारावर स्कॅन झालेली? जाहीर होतो तो आकडा बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. पार्किंगचे आणि खाण्यापिण्याचे पैसे मिळतात ते मात्र दारातून प्रत्यक्ष आत आलेल्यांकडून. नोव्हेंबरात, संघ हरत असताना आणि बर्फ भुरभुरत असताना, या दोन आकड्यांत फार मोठी दरी पडते.

म्हणूनच खरी कमाई साध्या बाकांवर कधीच नसते. ती असते काचबंद खासगी बॉक्समध्ये, क्लब सीटमध्ये आणि नावाच्या हक्कांत. २०१८मध्ये पब्लिक सर्व्हिस क्रेडिट युनियन (पुढे कॅनव्हास) या पतसंस्थेने १५ वर्षांसाठी ३.७७ कोटी डॉलर देऊन कोलोराडो स्टेटच्या स्टेडियमला नाव दिलं. आकडा भरघोस वाटतो, पण वर्षाला पडतात अडीच कोटी नव्हे, अडीच दशलक्ष, म्हणजे पंचवीस लाख. वरच्या उदाहरणातल्या हप्त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी. चांगल्या जागेच्या तिकिटासाठी आधी ‘देणगी’ घ्यायची, हा दुसरा जुना मार्ग. त्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१७च्या करकायद्याने ती काढून टाकली. त्याआधीचा व्यवहार्यता अहवाल कोणी पुढे करत असेल तर त्यातला देणग्यांचा अंदाज पुन्हा तपासायला हवा.

आणखी एक खाच. ‘स्टेडियमचं उत्पन्न स्टेडियमचं कर्ज फेडेल’ हे धोरण झालं. रोख्यांच्या कागदपत्रात तारण काय लिहिलंय ते वेगळं पाहायचं. सार्वजनिक विद्यापीठांत बऱ्याचदा संपूर्ण विद्यापीठ-समूहाचं उत्पन्न तारण असतं. त्यामुळे व्याजदर कमी पडतो, आणि धोकाही सगळ्यांचा होतो. सुरुवातीची काही वर्षं फक्त व्याज भरायची रचना असेल तर ‘पहिल्या तीन वर्षांत सगळे हप्ते वेळेवर गेले’ या बातमीचा फार आनंद मानू नये. मुद्दल सुरू झाल्यावर काय होतं ते बघायचं. २०२०चा हंगाम बहुतेक विद्यापीठं रिकाम्या किंवा जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे खेळली. रोख्यांचं वेळापत्रक काही त्यासाठी थांबलं नाही.

‘वर्षभर वापरू, संगीताचे कार्यक्रम करू’ हे आश्वासन प्रत्येक प्रस्तावात असतंच. ते तपासायची सोपी रीत म्हणजे नकाशात मैदानापर्यंत जाणारा ट्रकचा बोगदा शोधणं. अमेरिकेतला नेहमीचा मोठा ट्रेलर १३ फूट ६ इंच उंच असतो. बोगद्याची मोकळी उंची १४ फुटांपेक्षा कमी असेल, किंवा आत वळण तंग असेल, तर रंगमंचाचं सामान हातगाड्यांवरून न्यावं लागतं आणि आयोजक दुसरीकडे जातो. दुसरी गोष्ट जमिनीची: नैसर्गिक गवत असेल तर हंगामात त्यावर दुसरं काही करता येत नाही. कृत्रिम गवतावर बँडचा सराव, विद्यार्थ्यांचे सामने सगळं चालतं, पण ते साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं. तो खर्च पहिल्या अंदाजपत्रकात सापडतो का बघा. कोलोराडोत माजी विद्यार्थ्यांचं केंद्र आणि शैक्षणिक वापराच्या खोल्या त्याच इमारतीत बसवल्या. हे शहाणपणाचं झालं; निदान बुधवारीही तिथे दिवे लागतात.

जागेचा हिशोब बघू. खेळाचं मैदान लहान असतं: ३६० फूट बाय १६० फूट, जेमतेम १.३ एकर. पण बाक, फिरायच्या मार्गिका आणि सुरक्षेची मोकळी जागा धरून दहा-पंधरा एकर सहज जातात. कोलोराडोत त्या जागेवर उद्यानविद्या विभागाची हरितगृहं आणि बागा होत्या. त्या हलवाव्या लागल्या. गाड्यांचं पाहा: ३६,००० प्रेक्षकांतले ८,००० विद्यार्थी पायी आले असं धरा. उरलेले २८,००० एका गाडीत पावणेतीन या हिशोबाने आले तर दहा हजारांवर गाड्या. मार्गिकेसह एका गाडीला सव्वातीनशे चौरस फूट लागतात, म्हणजे एकरी १३०-१३५ गाड्या, म्हणजे ७५ एकर. एवढी मोकळी जागा कॅम्पसवर नसतेच, म्हणून गाड्या शेजारच्या गल्ल्यांत शिरतात. शनिवारी कर्मचाऱ्यांची पार्किंग रिकामी असते हे समर्थकांचं म्हणणं बरोबर, पण सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात. गुरुवार-शुक्रवारच्या रात्रीचा सामना लागला की दुपारीच पार्किंग मोकळं करा असा फतवा निघतो आणि प्रयोगशाळेची तासिका कुठे घ्यायची यावरून विभागात भांडणं होतात.

ज्याकडे कोणीच बघत नाही ते म्हणजे स्वच्छतागृहं. कॉलेज फुटबॉलचा मध्यंतर २० मिनिटांचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या बांधकामसंहितेनुसार स्टेडियममध्ये पहिल्या १,५२० स्त्रियांसाठी दर ४० जणींमागे एक आणि त्यापुढे दर ६० जणींमागे एक शौचकूप लागतो. पुरुषांसाठी पहिल्या १,५०० जणांपर्यंत हेच प्रमाण ७५ आणि त्यापुढे १२०. ३६,००० प्रेक्षक निम्मे-निम्मे धरले तर स्त्रियांसाठी ३१३ आणि पुरुषांसाठी १५८. ही सगळी त्याच वीस मिनिटांत वापरात असतात, आणि तो लोंढा शेजारच्या रस्त्याखालच्या जुन्या मलवाहिनीत जातो. शहराच्या बाहेर असताना हा प्रश्न स्टेडियमपुरता होता. कॅम्पसवर आल्यावर तो वसाहतीचा होतो. मलवाहिनी मोठी करायचा खर्च विद्यापीठाचा की शहराचा, हे करारात लिहिलेलं नसेल तर बिल नळपट्टीतून येतं. व्हीलचेअरच्या जागाही संहितेत ठरलेल्या आहेत: ५,००० बाकांपर्यंतच्या ३६ आणि पुढे दर २०० बाकांमागे एक, म्हणजे इथे १९४, प्रत्येकीशेजारी सोबत्याची जागा वेगळी. अर्थसंकल्पाला कात्री लागली तरी हे कमी करता येत नाही, म्हणून कात्री लागते ती छताला, लिफ्टला आणि ध्वनिरोधाला.

अडवायची ताकद कोणाकडे आहे, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा. कोलोराडो स्टेट राज्याचं विद्यापीठ. शहराची परवानगी त्याला घ्यावी लागत नव्हती. शहराने २०१५मध्ये करार केला तो रस्ते, गर्दी असल्या गोष्टी सांभाळायला, प्रकल्प अडवायला नव्हे. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाचं उलट झालं. ३५,००० बाकांच्या स्टेडियमसाठी १५व्या रस्त्याचा एक तुकडा बंद करावा लागणार होता, आणि रस्ता बंद करायला नगरपरिषदेची मंजुरी लागते. उत्तर फिलाडेल्फियातले रहिवासी आणि विद्यार्थी मिळून लढले, मार्च २०१८मध्ये विद्यापीठाने बोलावलेली सभाच घोषणांनी उधळली गेली, आणि परिषदेतलं वारं बघून योजना फाइलीतच राहिली. टेंपलचा संघ अजूनही ईगल्स या शहरातल्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर भाडं भरून खेळतो. घोषणा दोन्हीकडे झाल्या. टेंपलमध्ये त्यांच्या पाठीशी रस्त्याचा तो तुकडा होता.

समर्थकांची बाजू पोकळ आहे असं मुळीच नाही. मिनेसोटा विद्यापीठ १९८२मध्ये कॅम्पस सोडून मिनियापोलिस शहरातल्या मेट्रोडोम या स्टेडियममध्ये गेलं आणि पुढची २७ वर्षं दुसऱ्याच्या घरातल्या पाहुण्यासारखं राहिलं. २००९मध्ये संघ कॅम्पसवर परतला. ५०,८०५ बाक, २८.८५ कोटी डॉलर, त्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा राज्याचा, बँकेचे ३.५ कोटी नावासाठी, आणि विद्यार्थ्यांवर वर्षाला २५ डॉलर फी. फी आहे हे उघड सांगितलं, कायदा करून केलं. त्याच वर्षी ॲक्रन विद्यापीठाने ६.१६ कोटींत ३०,००० बाकांचं स्टेडियम उघडलं. त्यानंतरच्या कित्येक हंगामांत निम्म्याहून जास्त बाक रिकामे राहिले. कॅम्पसवर आणलं की गर्दी आपोआप येते, हे गृहीतक ॲक्रनमध्ये टिकलं नाही.

ह्यूज २०१८मध्ये पाडलं. दुरुस्तीचा खर्च वाचला हा समर्थकांचा मुद्दा होता, आणि जमीन विकून पैसा येईल हा त्याचा पुढचा भाग. सुमारे १६५ एकरांच्या त्या जागेवर घरं बांधायचा बेत निघाला, तेव्हा शहरातले लोक पुन्हा उठले आणि एप्रिल २०२१मध्ये मतदानाने ती जागा मोकळी सार्वजनिक जमीन म्हणून राखून ठेवली. तेव्हा जुन्या जागेच्या विक्रीचा आकडा उत्पन्नाच्या रकान्यात असेल तर त्याच्या शेजारी शून्य लिहूनही एकदा बेरीज करावी.

आणि २०२५पासून एक नवा रकाना जोडावा लागतो. न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २.०५ कोटी डॉलर. सगळे एवढे देणार नाहीत, पण चांगला खेळाडू हवा तर काही तरी द्यावंच लागतं, आणि ते त्याच तिकिटांतून, त्याच देणगीदारांकडून यायचं. त्याआधीच्या तारखेचा अहवाल असेल तर नवा करून घ्यायला सांगा, आणि तो येईपर्यंत मतदान पुढे ढकला.