इस्तंबूलमधले बारा दिवस

जुळ्यांच्या बाळंतपणानंतर माझ्या पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून जे दूर सरकले, ते सहा वर्षे व्यायाम करूनही जागेवर आले नाहीत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ते स्नायू शिवून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया (टमी टक) सहसा सौंदर्यासाठीची मानली जाते आणि लंडनमधला खासगी खर्च आवाक्याबाहेरचा होता, म्हणून मी इस्तंबूल गाठले. नणंदबाईंना मात्र हर्नियाचे ऑपरेशन एवढेच सांगितले होते.

जाहिरातीत विमानतळावरची गाडी आणि हॉटेल ठळकपणे असते. नळ्यांचा उल्लेख नसतो. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत गेलेल्या टाक्यांखालून दोन नळ्या निघालेल्या, त्यांच्या टोकाला पेरूएवढे प्लास्टिकचे फुगे, आणि त्यांत साचलेले लालसर पाणी रोज सकाळी मोजून वहीत लिहायचे. हे काम नवऱ्याने बिनबोभाट केले. पहिला आठवडा मी कमरेत वाकूनच चालत होते.

पॅकेज सात दिवसांचे होते, परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर विमानात तासन्‌तास बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून पदरचे पैसे घालून मी मुक्काम लांबवला. परतल्यावर टाक्यांच्या एका टोकाला पू झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फोटो मागवले. जखम मात्र इथल्या नर्सने धुतली.