असंच लिहू का?

1 मेची ग्रामसभा म्हणजे ग्रामसेवकाच्या कुंडलीतला शनी. 26 जानेवारीला थंडी असते, 15 ऑगस्टला पाऊस असतो, 2 ऑक्टोबरला काढणीची गडबड. माणसं येतात, सही करतात, निघून जातात. मे महिन्यात नळाला पाणी नसतं आणि शेतात काम नसतं. भांडायला विषयही असतो आणि सवडही.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या पदाला तेव्हा ग्रामसेवक म्हणत, आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी झालंय. लोकांना त्याचं सोयरसुतक नाही. ते आधीही भाऊसाहेब म्हणायचे, आताही भाऊसाहेबच म्हणतात.

खाली गावठाण, दीडशे उंबरा. वर माळावर वस्ती, सेहेचाळीस घरं. पाण्याची लाइन टाकीवरून निघून आधी सगळं गावठाण फिरते आणि मग उरलंसुरलं घेऊन वस्तीवर चढते. पाणी दिवसाआड, पहाटे तासभर. गावठाणात बऱ्याच घरांत नळालाच टिल्लू मोटार जोडलेली. मोटारीनं लाइनमधलं पाणी ओढून घेतलं की पुढच्याला नुसता वारा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मोटार कुणाच्याच घरात नव्हती, असं हे प्रकरण.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री कुणीतरी व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं कुलूप तोडलं आणि गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद केला. सकाळी गावठाण कोरडं. दुपारी चावडीपाशी दोघांची गचांडी धरून झाली, एकाचा सदरा फाटला. पोलीस पाटलांनी सोडवलं. मी पाटलांना म्हणालो, ग्रामसभेला बंदोबस्त मागवू या का? ते म्हणाले, "भाऊसाहेब, पोलीस आलं की पाणी राहील बाजूला आन केस सुरू हुईल." मी गप्प बसलो, पण मनातून बंदोबस्तच हवा होता.

आदल्या दिवशी महिला ग्रामसभा. मुख्य सभेच्या आधी ती घ्यायचीच, असा कायदा आहे. खरं सांगायचं तर आमचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या आणायचा आणि सभा 'पार पडायची'. त्या दिवशी साठेक बायका आपणहून आल्या. बोलल्या थोड्या, चिडल्या जास्त. शेवटी वस्तीवरच्या एका आक्कांनी कॅलेंडरची चार पानं माझ्या हातात दिली. जानेवारी ते एप्रिल, खिळ्याला अडकवायचं भोक फाटलेली. "ह्यात समदं हाय," एवढंच म्हणाल्या. मी वरवर बघितलं. दुधाचा हिशोब दिसला. पिशवीत टाकली पानं आणि विसरून गेलो.

1 मेला ध्वजवंदन झालं आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. आमच्याकडे मतदार अकराशेच्या वर. पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा ही गणपूर्ती, म्हणजे शंभर. एरवी वीस-पंचवीस टाळकी यायची. मग सभा तहकूब करायची आणि पुन्हा घ्यायची, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या दिवशी अडीचशेच्या पुढं माणूस. गावठाण लिंबाच्या सावलीत, वस्ती भिंतीच्या कडेला, मधे चांगली दहा हातांची मोकळी जागा. भिंतीवर 2007 सालच्या मोहिमेत रंगवलेलं 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव', त्यातला 'मुक्त' पावसानं उडालेला. सरपंचताई पहिल्याच खेपेच्या. त्यांचे मालक एरवी शेजारची खुर्ची धरून बसायचे. त्या दिवशी ताईंनीच त्यांना म्हशींकडं पाठवलं होतं.

विषय क्रमांक एक नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचत गेलो. "पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला."

वस्तीवरचा एक तरुण उभा राहिला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "भाऊसाहेब, जानेवारीच्या सभंत मी अर्धा तास बोललो. कुणाच्या नळाला किती येतंय, समदं सांगितलं. त्यातला एक शब्द तरी हाय का ह्यात?"

नव्हता. माझ्या चौदा वर्षांच्या नोकरीतल्या प्रत्येक प्रोसिडिंगात हेच वाक्य होतं. सविस्तर चर्चा, सर्वानुमते मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हे वाक्य लिहायला मला बघायचीसुद्धा गरज पडत नसे. कुणी काय सांगितलं ते कागदावर येतच नव्हतं. मग पुढच्या सभेला तोच माणूस तेच, पण जरा मोठ्यानं सांगायचा. तरीही आलं नाही की व्हॉल्व्हचं कुलूप.

मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. आज प्रत्येकाचं लिहितो. लिहिलेलं लगेच वाचून दाखवतो, पटलं तर त्यानं सही करायची." ही युक्ती वगैरे नव्हती. चोरी पकडली गेल्यावर माणूस बोलून जातो तसं ते होतं.

पहिले उठले गावठाणातले तात्या. वय सत्तरीचं, आवाज तालमीतला. "वस्तीवरची समदी फुकटी हायती. पट्टी भरायची न्हाय आन पाणी मातूर पायजे!" वस्ती एकदम उठली. मी लिहीत होतो. लिहून झाल्यावर उभा राहून वाचलं. "वस्तीवरील सर्व लोक फुकटे आहेत, ते पाणीपट्टी भरत नाहीत, असे मत मांडले." आणि विचारलं, "तात्या, असंच लिहू का? खाली तुमची सही लागेल."

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला. "सर्व नगं. सर्व कशाला? काही लोक म्हना." मी 'सर्व' खोडलं. "आन फुकटं बी काढा त्ये. थकबाकीदार लिवा." उभे राहिलेले लोक बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

थकबाकीदार शब्द आला म्हटल्यावर मी नमुना 9 ची नोंदवही काढली आणि दोन्हीकडची बाकी मोठ्यानं वाचली. वस्तीवर थकलेली घरं जास्त निघाली, पण रकमेत गावठाण पुढं. नावं वाचा म्हणून दोन्ही बाजूंनी ओरडा झाला. मी नाही वाचली. वसुलीला घरी येईन तेव्हा उंबऱ्यात नाव घेईन, म्हणालो. माझ्या मते तिथं एक नाव जरी घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग तो तरुण. "गावठाणातले पाणीचोर आहेत." वाचून दाखवलं. "असंच लिहू का? चोर लिहायचं तर कुणाच्या घरात, कधी, कुणी पाहिलं, तेही लिहावं लागेल." तो थांबला. "मोटारी लावून पाणी ओढत्यात, असं लिवा." गावठाणातून लगेच, "कुणी बघितली मोटार? दाखव!"

बायकांमधून आक्कांचा आवाज आला. "काल दिलेली पानं काढा की भाऊसाहेब."

पिशवीतून पानं काढताना मला लाज वाटली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर दुधाचं माप, दीड, दीड, एक. आणि दिवसाआड खाली बारीक अक्षरात दुसराच हिशोब. '6 हं.' '5 हं.' '6 हं.' आणि मधेच '19 हं. ला. न.' परत '5 हं.' मी विचारलं, हं. म्हणजे हंडे ना? ते कळलं. ला. न. म्हणजे काय?

"लाईट न्हवती."

पुढची सगळी पानं मी तारखेनिशी वाचली. चार महिन्यांत पहाटे लाईट गेलेले पाण्याचे सात दिवस. सातही दिवशी सतराच्या वर हंडे. लाईट असलेल्या एकाही दिवशी सातच्या वर नाही. टाकी रात्रीच भरलेली असते, उताराचं पाणी, त्याला लाईट लागत नाही. लाईट लागते ती मोटारीला. कुणीच काही बोललं नाही. मग लिंबाखालून कुणीतरी फिसकन हसलं आणि दोन्हीकडची माणसं हसायला लागली. तात्यासुद्धा. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सहा हंडे म्हणजे नव्वद लिटर, आक्कांच्या घरातल्या सात माणसांना, तेही दोन दिवस. आमच्या योजनेच्या फलकावर माणशी रोज 55 लिटर असं ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं.

त्या सभेतलं सगळ्यात खरं वाक्य गावठाणातल्या एका काकूंचं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरी हाय मोटार. शेजारणीनं लावली म्हणून मी लावली. समद्यांनी काढल्या तर मी पयली काढते. एकटीनं काढून माझीच घागर रिकामी ठिवू व्हय?" मी ते शब्दाला शब्द उतरवलं. वाचलं. असंच लिहू का, विचारलं. "असंच लिवा," म्हणाल्या आणि सही करायला चालत पुढं आल्या, त्या मधल्या दहा हात मोकळ्या जागेतून.

ठराव काही क्रांतिकारी नव्हता. पहिला अर्धा तास गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद, वस्तीला पाणी. मग गावठाणाला. व्हॉल्व्हवर दोन्हीकडचा एकेक माणूस. मोटारी आठ दिवसांत काढायच्या. वस्तीवर ज्या नळांना तोट्या नाहीत, त्यांना त्या बसवायच्या. हा शेवटचा मुद्दा गावठाणाचा होता आणि रास्त होता. हात वर करून मतदान घेतलं. विरोधात नऊ. मी 'बहुमताने मंजूर, विरोधात 9' लिहिलं आणि सर्वानुमते हा शब्द माझ्या हातून पहिल्यांदा सुटला. कुलूप कुणी तोडलं, हे मात्र कुणीच काढलं नाही. मीही नाही. अकरा पानी इतिवृत्तात तेवढी एक फट राहिली.

पुढं तपासणीला आलेले साहेब ती अकरा पानं बघून म्हणाले, कादंबरी लिहिलीत का? मोटारी निघाल्या, त्यातल्या तीन-चार जूनपर्यंत परत बसल्याही. वस्तीची स्वतंत्र लाइन माझी बदली होईपर्यंत आराखड्यातच होती. पण व्हॉल्व्हवरची ती दोन माणसं पहाटे बिड्या ओढत एकाच दगडावर बसलेली मी कितीदा तरी पाहिली.

त्या दिवशी सभा संपायला दीड वाजला. सतरंज्या गोळा होत होत्या. मी पानांच्या झेरॉक्स काढून प्रोसिडिंगला जोडायच्या विचारात होतो, तर समोर आक्का उभ्या.

"पानं द्या माघारी भाऊसाहेब. एप्रिलचं दूध व्हायचंय हिशोबाचं."