ताप असलेलं पोर अंगणवाडीत पाठवू नका ओ

आज वडगावात आमच्या अंगणवाडीत निम्मी पोरं आलीच नाहीत, घरोघरी ताप नि खोकला, म्हणून दुपारी गल्लीत फिरून आयांशी बोलून आले. एका घरात मागाचा खडखडाट चालू, तीन महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर आणि आजी पदरात खोकतेय. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून घरातल्या मोठ्यांनी घ्यायची असते, हे सांगितल्यावर आजीच म्हणाली, "मग बाळाला सुनंकडं दे बाई, नि मला एक मास्क दे." इतकं बरं वाटलं मला!

मेडिकलमधनं परस्पर अँटिबायोटिक आणू नका, फ्लू व्हायरसनं होतोय, त्यावर ते चालत नाही, आणि अ‍ॅस्पिरिन तर लहान पोरांना नकोच नको. श्वास जोरात चालतोय, बरगड्या आत ओढल्या जातायत, दूध-पाणी घेईना, लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघत बसू नका. तापाचं औषध न देता २४ तास ताप आला नाही की मगच पोराला अंगणवाडीत पाठवा.

उद्या खासबागकडं जाणार हाय, घरात तान्हं बाळ असलं तर निरोप द्या, येऊन जाते.