डुकरासाठी कोणतं काडतूस?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या मुंजीत म्हणा, गणपतीच्या आरतीनंतर म्हणा, कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच : "काका, रानडुकरासाठी कोणतं काडतूस घ्यावं?" विचारणाऱ्यांपैकी काहींची शेती चोरल, सिमरोल, मानपूरकडे असते. डुकरं मक्यात नाहीतर बटाट्यात शिरतात आणि घरात वडिलांच्या वेळची .३१५ बोअरची रायफल पडून असते. बाकीच्यांचा मुलगा किंवा जावई अमेरिकेत टेक्ससला असतो आणि त्यानं नुकतीच रायफल घेतलेली असते. माझी नोकरी महूच्या छावणीत शस्त्रांच्या देखभालीत गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

इथल्या मंडळींना आधी कायदा सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभं पीक नासत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासहित परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर काडतुसाची चर्चा आपण करू नये. "बिहारात, उत्तराखंडात डुकरं मारायला मोकळीक दिली होती ना?" असं लोक म्हणतात. दिली होती, पण ते केंद्राचे आदेश ठरावीक भागापुरते आणि ठरावीक मुदतीचे होते. आपल्या शेताला ते लागू होत नाहीत. टेक्ससमध्ये गोष्ट निराळी आहे. तिथली डुकरं मूळची तिथली नाहीत, स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं रानात सुटून वाढली आणि पुढे त्यांत युरोपी रानडुकरांचं रक्त मिसळलं. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर डुकरासाठी तिथे शिकारीचा परवानाही लागत नाही.

आता काडतूस. सगळे बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, विचारतात : .२२३ चालेल का, .३०८ च हवी का. मी उलट विचारतो, गोळी कशी बनली आहे? एकाच बोअरची दोन काडतुसं डुकराच्या अंगात अगदी वेगळी वागतात. पूर्ण तांब्याचं जॅकेट, म्हणजे बाहेरचं कवच, असलेली लष्करी गोळी बहुतेक वेळा बारीक भोक पाडून आरपार जाते, जनावर पळतं आणि तासाभरानं कुठेतरी झुडपात मरतं, किंवा मरतही नाही. शिवाय तीच गोळी पुढे दगडावर आपटून कुठे जाईल याचा नेम नसतो. कोल्ह्या-सशासाठी बनवलेली हलकी, पातळ जॅकेटची गोळी वरच्या वरच फुटते. निशाणबाजीची मॅच गोळी कागदासाठी असते, ती कागदावरच राहू द्या. डुकराला हवी ती गोळी जी आत शिरल्यावर उमलेल पण तुटणार नाही : जाड जॅकेटची, टोकाला शिसं उघडं असलेली सॉफ्ट नोज, शिसं जॅकेटला पक्कं जोडलेली बाँडेड, नाहीतर शिसं नसलेली अख्खी तांब्याची.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतो, तर पुतण्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या ओळखीच्या शेतावर एक मोठा नर सोलताना मी शेजारी उभा होतो. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा जाड थर असतो, त्याला तिथले लोक ढाल म्हणतात. नर एकमेकांना सुळ्यांनी फाडतात, त्यातून वाचायला ही ढाल, आणि वयाबरोबर ती जाड होत जाते. सुरी तिथे अडत होती, सोलणारा पुन्हा पुन्हा पातं घासत होता. आणि त्या थरात पिवळट पू भरलेला एक कप्पा निघाला, आत शिशाचे तुकडे आणि तांब्याची एक वाकडी चकती. कोणीतरी फार पूर्वी हलकी गोळी मारून निघून गेलं होतं. ते जनावर ते दुखणं अंगात घेऊन हिंडत राहिलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं. प्रश्न विचारणाऱ्याला माझं सगळं उत्तर या एका कप्प्यातून येतं.

मारायची जागाही इथेच समजून घ्या. हरणाच्या सवयीनं लोक खांद्याच्या मागे नेम धरतात. डुकराचं काळीज पुढे आणि खाली असतं, पुढच्या पायांच्या मधोमध, आणि फुप्फुसं फार मागे जात नाहीत. खांद्याच्या मागची गोळी आतड्यात जाते. जनावर तुमच्याकडे पूर्ण बाजू करून उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम हवा. म्हणजे गोळी ढालीतूनच जाणार, म्हणून आत शिरण्याची ताकद हवी. पलीकडून बाहेर पडली तर उत्तम, कारण चरबी आणि राठ केस भोक बुजवतात आणि रक्ताचा माग फारसा मिळत नाही.

.२२३ ची नेहमीची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची. ६२-६४ ग्रेनची बाँडेड गोळी जवळून, शांत उभ्या जनावरावर काम करते, पण मोठ्या नरावर तिरप्या कोनातून मी ती चालवू देणार नाही. .३०८ मध्ये १५० ते १६५ ग्रेनची सॉफ्ट नोज किंवा तांब्याची घेतली की चिंता बरीच कमी होते. .३०० ब्लॅकआउट या अमेरिकन काडतुसाच्या रायफलवाल्यांना एवढंच सांगतो : आवाज कमी करायला घेतलेली सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाची, काडतुसं मंद असतात. त्या वेगात साधी गोळी उमलत नाही, मुद्दाम त्याच वेगासाठी बनवलेली शोधा. तांब्याच्या गोळीलाही वेग लागतो, म्हणून छोट्या नळीच्या रायफलीतून लांबवर ती मारू नका. टेक्ससमध्ये मांस घरी खाणार असाल तर तांबंच घ्या, शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच केलं आहे.

आपल्याकडच्या .३१५ बद्दल. इंग्रजांनी सैन्याची .३०३ सामान्य माणसाला बंद केली, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर शिकारी रायफली निघाल्या. तेच आपलं .३१५, त्याची रायफल ईशापूरच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं बनवली. २४४ ग्रेनची जड, मंद सॉफ्ट नोज. शंभर मीटरच्या आत डुकरासाठी ही गोळी पुरेशी आहे, तिला कमी लेखू नका. अडचण असते ती काडतुसांच्या वयाची. कपाटात पंधरा-वीस वर्षं पडलेली, हिरवा गंज चढलेली काडतुसं वापरू नका. एखादं उशिरा पेटतं, एखादं पेटतच नाही. १२ बोअरच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीत एल.जी., एस.जी. या मापाचे मोठे छर्रे वीस-पंचवीस मीटरच्या पुढे पसरून नुसतं जखमी करतात.

आणि कुंपणात वीज सोडणं, कणकेच्या गोळ्यात बारूद भरून ठेवणं, हे तर माझ्यासमोर काढूही नका. त्या तारेला बिबट्या लागतो, शेजाऱ्याची म्हैस लागते, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस लागतो.

परवानगी मिळाली, काडतूस ठरलं, तर त्याच पेटीतली पाच काडतुसं आधी रेंजवर पन्नास मीटरवरून कागदावर मारा. पाच भोकांचा गट हाताच्या पंजात मावत नसेल तर त्या रात्री शेतात जाऊ नका, वनखात्याला सांगा, त्यांचा माणूस येऊ दे. जखमी डुक्कर झुडपात शिरलं तर अर्धा तास जागचे हलू नका आणि सकाळी मजुरांना त्या बाजूला पाठवू नका. बायका वाकून निंदणी करत असतात, डुक्कर दहा पावलांवरून येतं आणि सुळा मांडीच्या उंचीवर लागतो. वनखात्याला त्याच रात्री फोन करा, सापडलं तर ते जनावर सरकारचं असतं, आणि सापडलं नाही तरी ते कुठल्या ओढ्याकडे गेलं हे आसपासच्या सगळ्या शेतांवर सांगून या.