बांगाई कार्डिनल अपडेट: नराने पिल्लं सोडली!

मंडळी, टँकमधल्या आपल्या बांगाई कार्डिनल माशाच्या नराने पिल्लं सोडायला शेवटी तोंड उघडलं! रात्री लाईट गेल्यावर पिल्लं सोडली असणार, सकाळी टॉर्च मारली तर सगळी नकली सी अर्चिनच्या (हा एक काटेरी समुद्री प्राणी) काट्यांत घुसून बसलेली. एवढीशी आहेत पण काळे उभे पट्टे आत्ताच अगदी ठसठशीत.

या माशात पिल्लं बापच सांभाळतो. अंडी साधारण तीन आठवडे तोंडात, फुटल्यावरही आठवडा-दहा दिवस पिल्लं तिथेच, आणि तेवढे दिवस हा जवळपास उपाशी. शेवटी शेवटी जबडा इतका ताणला होता की ओठांच्या फटीतून चंदेरी डोळे लुकलुकताना दिसायचे, मी तर तासन्‌तास काचेला नाक लावून बसायचो.

माझा नकली अर्चिन म्हणजे एपॉक्सीच्या (कडक होणाऱ्या गोंदाच्या) गोळ्यात खोचलेले काळे केबल टाय, बस्स. समुद्रात ही पिल्लं लांब काट्यांच्या डायडेमा जातीच्या अर्चिनमध्ये लपतात, त्यामुळे टँकमध्येही लगेच तिकडे गेली.

आता खाणं, आणि हे नीट वाचा. पहिल्या दिवसापासून जिवंत बेबी ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं) खातात, रॉटिफरची (त्याहूनही सूक्ष्म जीव) भानगडच नाही. पण नुसतं ब्राइन श्रिम्प पुरत नाही, ओमेगा-३ कमी पडलं की पिल्लं दचकून, म्हणजे नुसता लाईट लागला तरी, गरगर फिरून तडफडतात आणि मरतात. नुकत्याच हॅच झालेल्या श्रिम्पचं तोंडही उघडलेलं नसतं, म्हणून मी अर्धा दिवस थांबून मग एनरिचमेंटमध्ये (ओमेगा-३ असलेल्या द्रावणात) ठेवतो आणि गाळून, धुवून देतो. लाईटही एकदम नाही, आधी खोलीतला लावतो मग टँकचा.

एवढी खटपट कशासाठी, तर हा मासा मूळचा फक्त इंडोनेशियात, सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीचा. शास्त्रात नोंद १९३३ची, पण १९९०च्या दशकात हॉबीत आला आणि बेसुमार पकडला गेला, २००७ला आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात आलेला. पिल्लं इतर रीफ फिशसारखी प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, त्यामुळे एका जागचे उपसले की बाहेरून नवे येतच नाहीत. म्हणून कळकळीने सांगतो, घ्यायचाच तर टँक-ब्रेड, म्हणजे टँकमध्येच जन्मलेला, घ्या, दुकानदाराला विचारा, आणि जोडी जमली तर ब्रीड करा. जमतं!

नराला आता वेगळं ठेवून भरपूर मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) चारतोय, मादी लगेच मागे लागते म्हणून. पिल्लांना जिवंतवरून फ्रोझन खाण्यावर कुणी कधी आणलं, तेवढं सांगा.