काय फरक पडतो

काल सकाळी आमच्या गोल्फ क्लबच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉलच्या टोपल्या लावत होते. नेहमीचे ते मेंबर पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, ही आमची प्रो, गोल्फ शिकवणारी. मी म्हटलं, अजून नाही, असोसिएट आहे, म्हणजे प्रो व्हायचं शिक्षण चालू आहे. ते हसून म्हणाले, "काय फरक पडतो!"

माणूस भला आहे. मनात काही नव्हतं त्यांच्या. तरी रात्री झोप लागेना.

गेल्या सोमवारी मी 160 मारले. गोल्फ प्रोंची संघटना, पीजीए ऑफ अमेरिका, तिची प्लेइंग अ‍ॅबिलिटी टेस्ट होती, एका दिवसात 36 होल. स्ट्रोक, म्हणजे फटके, जितके कमी तितकं चांगलं. कोर्स रेटिंग, म्हणजे तरबेज खेळाडूला तिथे 18 होलना साधारण लागणारे स्ट्रोक, त्याची दुप्पट अधिक 15, तेवढ्यात बसायचं. तिथलं रेटिंग 71, म्हणजे 157. सकाळी 78 आले. मधल्या सुट्टीत सँडविच घशाखाली उतरत नव्हतं, पण हिशेब सोपा होता, दुपारी 79 पुरतील. दुपारी 82 आले.

तीन स्ट्रोक. एवढा फरक पडतो.

पंधराव्या होलवरचा चार फुटांचा पट, बॉल हलकेच कपात ढकलायचा तो फटका, डोळ्यांसमोरून हलत नाही. इथे टेक्ससमध्ये बऱ्याच ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या भागावर, बर्म्युडा गवत असतं, त्याची पाती एका बाजूला झुकून वाढतात. कपाच्या कडेकडे नीट पाहिलं की एक बाजू विस्कटलेली, करपलेली दिसते. गवत त्या दिशेला वाढतं. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला गुडघ्यावर बसवून दाखवते. त्या दुपारीही पाहिलं, ओळ बरोबर वाचली, ठरवलं तिथूनच मारला. बॉल कडेवरून फिरला आणि बाहेर आला. चुकलं असतं तर सुधारता आलं असतं. जे बरोबर केलं त्याचं काय करायचं?

पहाटे अंधारात शॉप उघडायचं, रात्री पीजीएच्या कोर्सच्या पहिल्या टप्प्याचा, लेव्हल वनचा अभ्यास, रूल्स, टूर्नामेंट ऑपरेशन्स, गोल्फ कार्टच्या ताफ्याची देखभालसुद्धा. ते सगळं जमतंय. पण ही टेस्ट निघाल्याशिवाय मेंबरशिप नाही. आई फोनवर म्हणते, "अगं, आयटीत काय वाईट होतं?" बाबा काहीच म्हणत नाहीत. टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये अदिती अशोक चौथी आली त्या शनिवारी तेच पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. आता फक्त विचारतात, किती झाले? 160 सांगितल्यावर म्हणाले, बरं. त्या 'बरं'बद्दल नंतर कधीतरी.

काय फरक पडतो? याच पीजीएच्या नियमात 1934 पासून मेंबरशिप फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांसाठी अशी अट होती. ती 1961 च्या नोव्हेंबरात निघाली. चार्ली सिफर्ड हा कृष्णवर्णीय गोल्फर तेव्हा 39 वर्षांचा होता. नॅशनल निग्रो ओपन ही कृष्णवर्णीय गोल्फरांची स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली होती. खेळ होता, मेंबरशिप नव्हती. उमेदीची वर्षं गेल्यावर, 1967 मध्ये, तो हार्टफर्डची स्पर्धा जिंकला. त्याला कुणी म्हटलं असतं का, काय फरक पडतो? माझ्यासमोर असला कुठलाही दरवाजा बंद नाही. माझं अडलंय ते तीन स्ट्रोकवर, आणि ते माझ्या हातात आहेत. हे लिहिताना पहिल्यांदाच जरा मोकळं वाटतंय.

आणि ते मेंबर त्यांच्यापुरतं खरंच बोलले. वसंतात आले तेव्हा त्यांचा प्रत्येक ड्राइव्ह, पहिला लांब फटका, उजवीकडे वळून झाडांत जायचा, त्यालाच स्लाइस म्हणतात. डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे वळवून घेतली, खांदे लक्ष्याच्या रेषेला समांतर आणले. आता बॉल मधल्या कापलेल्या पट्ट्यात, फेअरवेवर पडतो. त्यांचा स्लाइस माझ्या बॅजवर काय लिहिलंय ते बघून सुटला नाही. हे मला मान्य करायला आवडतं. तरीही बॅजवर पीजीए मेंबर असल्याची ती तीन अक्षरं हवी आहेत. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

पुढच्या टेस्टचा फॉर्म भरून टाकला. तीही सोमवारीच आहे, उद्या हेड प्रोंकडे सुट्टी मागायची. तोवर रोज दुपारी चारनंतर, पाय थकलेले असताना, चार फुटांचे पट. सकाळचे 78 मला येतातच.