ब्लाव्हेन : स्कायच्या काळ्या कातळावर

स्काय या स्कॉटलंडच्या बेटावर येणारी बहुतेक जनता ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, फेअरी पूल्स, फोटो आणि परत अशी जाते. छानच आहे ते, पण मी आणि सम्या ग्लासगोहून एवढं ड्राइव्ह करून आलो ते फक्त ब्लाव्हेन या डोंगरासाठी. उंची 928 मीटर. पुण्यातल्या एका मित्राला सांगितलं तर म्हणे, अरे कळसूबाई 1646 आहे, हे काय घेऊन बसलास! बाबा रे, कळसूबाई तू बारीतून चढतोस, ते गावच मुळात उंचावर, इथे गाडी लागते लॉक स्लॅपिनच्या काठाला, म्हणजे शेजारी समुद्राचं खारं पाणी, त्यामुळे सगळेच्या सगळे मीटर पायांनीच वसूल करायचे.

ब्रॉडफर्डहून तिकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरता, समोरून कोणी आलं की पासिंग प्लेसमध्ये थांबायचं, आणि मेंढ्या मात्र कोणासाठीच थांबत नाहीत. सुरुवातीची वाट ओढ्याकडेने, बर्च-रोवनची झाडं असलेल्या घळीवरून, निवांत. हा डोंगर जॉन म्युअर ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्थेच्या ताब्यात आहे आणि वाट खरंच चांगली राखलीये. मग ओढा ओलांडला की चढ अंगावर येतो, आणि त्याच्याही वर वाट वगैरे काही नाही, नुसते सुटे दगड, घसारा आणि मधूनमधून हात लावून चढायचे टप्पे.

आणि हात लावला की कळतं ही जागा वेगळी का आहे ते. हा खडक गॅब्रो. लाव्हा वर येऊन पटकन थंड झाला की बसाल्ट, तेच रसायन जमिनीखाली सावकाश थंड झालं की गॅब्रो, मोठ्या कणांचा, किसणीसारखा खरखरीत. पावसात भिजलेला असला तरी बूट असा चिकटतो की सह्याद्रीत पावसाळ्यात जपून पाऊल टाकायची सवय असलेल्या माणसाला विश्वासच बसत नाही. सम्या तर उगाचच तिरक्या दगडांवर उभा राहून बघत होता, पडतो का ते. बोटांची टोकं मात्र तासाभरात सोलपटली.

गंमत पुढे आहे. या गॅब्रोच्या भेगांमधून नंतर बसाल्ट घुसलाय, काळ्या गुळगुळीत पट्ट्या दिसतात त्या. सह्याद्रीचा कातळही बसाल्टच, वयही फार लांबचं नाही, आपला साधारण 6.6 कोटी वर्षांचा, इथला 6 कोटींच्या आसपास. म्हटलं चला, घरचा माणूस भेटला, आणि पाय ठेवला तर सुर्रकन घसरला! गॅब्रोच्या मानाने हा लवकर झिजतो म्हणे, म्हणून तिथेच घळी पडतात, आणि घळ दिसली की सोपी वाटून माणूस नेमका तिकडेच वळतो.

वर ढगात शिरल्यावर सम्याने होकायंत्र काढून एका दगडावर ठेवलं तर सुई भलतीकडे, उचलून छातीशी धरलं तर दुसरीकडे. क्युलिनच्या, म्हणजे ब्लाव्हेन ज्यात येतो त्या स्कायच्या डोंगररांगेच्या, खडकात चुंबकीय खनिज आहे, इथे होकायंत्रावर विसंबू नका असं सगळेच सांगतात, पण डोळ्यांनी बघितल्यावर जरा टरकायला होतं. तेवढ्यात वरून एक आजी कुत्र्याला घेऊन झपझप उतरत आल्या. मन्रो करतायत म्हणे, म्हणजे 3000 फुटांवरची स्कॉटलंडची 282 शिखरं. आमची पाण्याची बाटली अजून उघडत होती तोवर त्या दिसेनाशा झाल्या.

माथ्यावर ट्रिग पिलर, म्हणजे मोजणीवाल्यांचा खांब, आहे, त्याला टेकून शेंगदाण्याची चटणी लावलेल्या पोळ्या खाल्ल्या. आणि मग ढग फाटला. समोर ब्लॅक क्युलिनची अख्खी करवती धार, तिच्यात स्गुर अलास्डर, 992 मीटर, बेटावरचं सगळ्यात उंच. 1873 मध्ये अलेक्झांडर निकलसनने ते पहिल्यांदा सर केलं आणि नाव त्याचंच पडलं. दुसऱ्या बाजूला रेड क्युलिन, ते ग्रॅनाइटचे, म्हणून गोल गरगरीत. मला विचाराल तर क्युलिन बघायला क्युलिनच्या मुख्य धारेवर न जाता इथे यावं, ब्लाव्हेन तिच्यापासून बाजूला असल्यामुळे पूर्ण लांबी एका नजरेत येते.

उतरताना घसाऱ्याने गुडघे काढले. खाली वारा पूर्ण पडलेला, त्यामुळे मिजेस! चिलटाएवढा जीव, पण हजारोंनी येतात आणि डोक्याच्या केसांतसुद्धा चावतात. बूट न काढताच गाडीत घुसलो, काचा बंद, आणि ब्रॉडफर्डच्या चिप्सच्या दुकानापर्यंत दोघंही खाजवतच होतो. जाणार असाल तर मेमध्ये जा, तेव्हा ही पिडा कमी असते.